रस्त्यावरच्या दमदार गाडीसाठी हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर कसा निवडावा

जुन्या अमेरिकन व्ही-8 गाडीत मोठा कॅमशाफ्ट, चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि मोकळा एक्झॉस्ट बसवल्यानंतर ती सिग्नलवरून सुटताना पूर्वीपेक्षा सुस्त वाटू लागली, तर दोष बहुधा इंजिनाचा नसतो. नव्या कॅममुळे इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकलेली असते, आणि कारखान्यातून आलेला कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारे यंत्र, मात्र त्याला अजूनही 1,600 ते 1,800 आरपीएमवरच गाडीच्या ओझ्याला जुंपत असतो. त्या फेऱ्यांवर या इंजिनाकडे देण्यासारखे फारसे काही नसते. हाय-स्टॉल कन्व्हर्टर इंजिनाला आधी आपल्या ताकदीच्या पट्ट्यात चढू देतो आणि मग ओझे घ्यायला लावतो.

हा लेख पहिल्यांदाच असा कन्व्हर्टर घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून शेव्हर्लेचे 350 घनइंची स्मॉल-ब्लॉक इंजिन आणि त्यामागे जनरल मोटर्सचा टर्बो 350 हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशी जोडी घेतली आहे, कारण अमेरिकेत ती सर्वांत जास्त आढळते आणि तिचे सुटे भागही मुबलक मिळतात. क्रायस्लरचा 727 किंवा फोर्डचे सी-4 आणि सी-6 यांनाही तत्त्वे हीच लागू पडतात. मापे मुद्दाम इंच, पौंड आणि मैल यांतच ठेवली आहेत, कारण कॅटलॉगमध्ये आणि कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर तीच छापलेली असतात. महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे: आपल्याकडच्या अनेक लहान 'ऑटोमॅटिक' गाड्या एएमटी प्रकारच्या असतात, त्यांत नेहमीचाच क्लच यंत्राने दाबला जातो आणि टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, त्यामुळे पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

कन्व्हर्टर आत काय करतो

कन्व्हर्टरच्या कवचाचाच एक भाग असलेला इम्पेलर इंजिनाबरोबर फिरतो, कारण कवच फ्लेक्सप्लेटला, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरील दातेरी चकतीला, बोल्टने जोडलेले असते. इम्पेलरच्या पात्यांनी भिरकावलेले तेल समोरच्या टर्बाइनवर आदळते, आणि टर्बाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेले असल्यामुळे ते फिरू लागले की चाकांना जोर मिळतो. दोघांच्या मध्ये स्टेटर असतो. टर्बाइनमधून परतणारे तेल इम्पेलरच्या फिरण्याला विरोध करील अशा दिशेने येत असते. स्टेटर त्याचा प्रवाह वळवून ते इम्पेलरला मदत होईल असे पाठवतो. गाडी जागेवर उभी असताना या वळवण्यामुळे गिअरबॉक्सला इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट टॉर्क मिळतो. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या वेगाच्या साधारण 85 ते 90 टक्क्यांपर्यंत पोहोचला की एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर बसवलेला स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि ही वाढ संपते.

टर्बाइन अडवून धरलेले असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तर इंजिन एका ठरावीक फेऱ्यांपर्यंत चढते आणि तिथेच अडकते. तीच स्टॉल गती. तीन हजारांचा कन्व्हर्टर म्हणजे तीन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी जागची हलणारच नाही, असा जो समज नवख्यांमध्ये सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. हलक्या पायाने चालवताना चांगल्या बांधणीचा तीन हजारांचा कन्व्हर्टर हजार-बाराशे फेऱ्यांवरही गाडी पुढे काढतो. फक्त जोडणी मूळ कन्व्हर्टरपेक्षा सैल जाणवते.

छापील आकडा नेमका कोणाचा असतो

निवडीतील बहुतेक घोळ या एका मुद्द्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. स्टॉल गती हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नसून कन्व्हर्टर आणि त्याला फिरवणारे इंजिन या जोडीचा गुण आहे. एकाच कन्व्हर्टरची स्टॉल गती इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. समजा, एखादा कन्व्हर्टर 300 पौंड-फूट टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे 2,500 आरपीएमला स्टॉल होतो. तोच कन्व्हर्टर 400 पौंड-फूट देणाऱ्या इंजिनामागे सुमारे 2,890 ला स्टॉल होईल आणि 225 पौंड-फूट देणाऱ्या थकलेल्या इंजिनामागे जेमतेम 2,165 ला. येथे टॉर्क धरायचा तो त्या फेऱ्यांवरचा. जाहिरातीतील कमाल टॉर्क नव्हे. म्हणूनच खोक्यावर '2,200 ते 2,600' असा पट्टा छापलेला असतो आणि म्हणूनच मित्राच्या 454 घनइंची इंजिनामागे 3,200 दाखवणारा कन्व्हर्टर आपल्या 350 मागे तेवढा आकडा दाखवत नाही.

आकडा मोजण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिल्यावर मिळतो तो फूटब्रेक स्टॉल. दमदार गाडीत मागची चाके ब्रेकला न जुमानता आधीच घसरू लागतात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. गाडी हळू चालत असताना एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएमचा काटा क्षणात जिथे उडी मारतो तो फ्लॅश स्टॉल, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी उपयोगाचा आकडा हाच. ट्रान्सब्रेकने गिअरबॉक्स अडवून मोजलेला स्टॉल ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांपुरता आहे. विक्रेत्याशी बोलताना तो कोणत्या स्टॉलविषयी बोलत आहे हे आधी विचारून घ्यावे.

पहिली पायरी: गाडीची खरी माहिती लिहून काढावी

चालकासह गाडीचे वजन, इंजिनाचा घनफळ-आकार आणि कॉम्प्रेशन, कॅमची 0.050 इंच लिफ्टवरची ड्युरेशन (व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते माप), हेड आणि इनटेक मॅनिफोल्ड, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर, मागच्या टायरची उंची, गिअरबॉक्स आणि गाडीचा खरा वापर, एवढे सगळे एका कागदावर असावे. 1970 च्या आसपासच्या शेव्हेलसारखी गाडी सुमारे 3,500 पौंडांची धरता येते, पण शक्य असल्यास वजनकाट्यावर नेऊन खात्री करावी. ॲक्सलचे गुणोत्तर मागच्या मालकाच्या सांगण्यावर कधीही विसंबून धरू नये. डिफरन्शियलचे झाकण उघडून दात मोजावेत, किंवा गाडी सुरक्षितपणे उचलून प्रॉपेलर शाफ्टचे फेरे चाकाच्या फेऱ्यांशी ताडून पाहावेत.

वापराच्या बाबतीत प्रामाणिकपणा हवा. वर्षातून दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर जाणारी आणि उरलेले दिवस कामावर ये-जा करणारी गाडी ही कामावर जाणारी गाडी आहे, आणि कन्व्हर्टर त्या वापराचाच घ्यावा.

दुसरी पायरी: महामार्गावरचे फेरे काढावेत

सूत्र सोपे आहे: ताशी मैलांना ॲक्सलच्या गुणोत्तराने आणि 336 ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला टायरच्या इंचांतील उंचीने भागावे. 26 इंची टायर आणि 65 मैलांचा वेग, म्हणजे ताशी सुमारे 105 किलोमीटर, धरला, तर 3.08 च्या ॲक्सलवर इंजिन सुमारे 2,590 आरपीएमला फिरते आणि 3.73 वर सुमारे 3,130 ला. टर्बो 350 चा वरचा गिअर 1.00 असल्यामुळे हाच आकडा कायम राहतो. जनरल मोटर्सने 1982 मध्ये आणलेल्या 700-आर-4 या चार गिअरच्या पेटीत ओव्हरड्राइव्ह 0.70 चा आहे, त्यामुळे 3.73 वरचे ते 3,130 फेरे 2,190 वर उतरतात.

या आकड्याची तुलना स्टॉलशी करावी, पण ती सरधोपट नको. महामार्गावर एकसमान वेगाने जाताना इंजिनाचा थोडाच टॉर्क लागतो, त्यामुळे कन्व्हर्टर त्या वेळी आपल्या छापील स्टॉलच्या आसपासही नसतो आणि केवळ काही टक्के घसरतो. तरीही प्रवासाचे फेरे स्टॉलच्या बरेच खाली असतील, तर ही घसर वाढते, चढावर ॲक्सिलरेटर थोडा दाबताच इंजिन रेस होते पण गाडी तेवढ्या प्रमाणात पुढे जात नाही, आणि तेल तापू लागते. 3.08 च्या ॲक्सलवर तीन हजारांच्या पुढचा स्टॉल, तोही लॉकअपशिवाय (महामार्गावर घसर थांबवणाऱ्या आतल्या क्लचशिवाय), हा सौदा मी कोणालाही सुचवणार नाही. अशा गाडीत पैसे खर्चायचेच असतील, तर आधी ॲक्सलचे गिअर बदलावेत. कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी ती उणीव तो पुरती भरून काढू शकत नाही.

तिसरी पायरी: कॅमशी मेळ घालावा

कॅमच्या कार्डावर ताकदीचा पट्टा छापलेला असतो आणि बहुतेक वेळा किमान स्टॉलची शिफारसही असते. तिथूनच सुरुवात करावी. 350 घनइंची इंजिनासाठी माझा ठोकताळा असा आहे: 0.050 इंचावर ड्युरेशन 215 अंशांच्या आत असेल तर 1,800 ते 2,200, साधारण 220 ते 230 अंशांना 2,200 ते 2,800, आणि त्यापुढे 240 पर्यंत 2,800 ते 3,500. इंजिन मोठे असेल तर हाच कॅम सौम्य वागतो, त्यामुळे पट्ट्याचा खालचा भाग पुरतो. वरची मर्यादा टॉर्कच्या शिखराने ठरते. फ्लॅश स्टॉल त्या शिखराच्या निदान पाचशे-सातशे फेरे खाली असावा, नाहीतर इंजिनाचा सर्वांत भरीव पट्टा नुसता घसरण्यात जातो.

मोठ्या कॅमचा आणखी एक त्रास शहरात जाणवतो. अशा इंजिनाला आयडलिंगला गिअरमध्ये 900 किंवा त्याहून जास्त फेरे लागतात. मूळचा घट्ट कन्व्हर्टर एवढ्या फेऱ्यांवर गाडीला पुढे ढकलत राहतो, सिग्नलवर ब्रेक जोराने धरून ठेवावा लागतो, आणि गिअर टाकताच फेरे कोसळून इंजिन बंद पडते. सैल कन्व्हर्टरने हा जाच बराच कमी होतो. शर्यतीशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही थोडा वरचा स्टॉल घेण्यासाठी हे एक कारण पुरेसे आहे.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला टर्बो फिरू लागेपर्यंत मोकळीक हवी असते, म्हणून त्याला वरचा स्टॉल मानवतो. खालच्या फेऱ्यांपासूनच दाब देणाऱ्या रूट्स प्रकारच्या ब्लोअरला त्याची गरज नसते.

चौथी पायरी: व्यास आणि बांधणी पाहावी

कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलते. त्यामुळे व्यासातील लहानसा फरकही स्टॉलमध्ये मोठा दिसतो: पात्यांची रचना अगदी तीच ठेवून 12 इंची कन्व्हर्टर 10 इंची केला, तर 1,800 चा स्टॉल गणिताने सुमारे 2,840 वर जातो. स्टॉल वाढवण्याचा दुसरा मार्ग मोठ्या कवचातील पाती वाकवण्याचा. तो स्वस्त पडतो, पण असा कन्व्हर्टर वरच्या फेऱ्यांवरही जास्त घसरतो. म्हणून दोन विक्रेते एकच आकडा सांगत असतील, तर लहान व्यासाचा आणि त्या कामासाठीच घडवलेला स्टेटर असलेला कन्व्हर्टर निवडावा, मग त्याला थोडी जास्त किंमत मोजावी लागली तरी हरकत नाही.

स्टेटरच्या पात्यांचा कोन हाच या सगळ्या तडजोडीचा गाभा आहे, हे जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनाही चांगले ठाऊक होते. 1965 ते 1967 या वर्षांत ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांच्या टर्बो 400 गिअरबॉक्समध्ये त्यांनी विजेच्या इशाऱ्यावर कोन बदलणारा स्टेटर दिला होता, म्हणजे एकाच कन्व्हर्टरला दोन स्टॉल गती मिळत. नंतर ती सोय बंद झाली, आणि आज आपल्याला एकच कोन निवडून त्याच्याशी नांदावे लागते.

बांधणीत तीन गोष्टी विचाराव्यात: पाती भट्टीत ब्रेझिंग करून पक्की केली आहेत का, आत थ्रस्ट वॉशरऐवजी नीडल बेअरिंग आहेत का, आणि कवच दाबाने फुगू नये यासाठी अँटी-बलूनिंग प्लेट आहे का. पहिल्या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. तिसरी नायट्रस वापरणाऱ्या किंवा फार वरच्या फेऱ्यांवर जाणाऱ्या गाडीला लागते.

लॉकअपची सोय असलेली गिअरबॉक्स असेल, तर लॉकअपचाच कन्व्हर्टर घ्यावा. महामार्गावर आतला क्लच इम्पेलर आणि टर्बाइनला घट्ट जोडतो, घसर शून्यावर येते आणि त्यामुळे स्टॉल निवडताना बरीच मोकळीक मिळते. 700-आर-4 साठी तीन हजारांचा लॉकअप कन्व्हर्टर रोजच्या वापरातही सुसह्य असतो. मात्र पूर्ण ताकदीखाली लॉकअप लावणे आतल्या एकाच चकतीच्या क्लचला झेपत नाही, म्हणून व्हॅक्यूम स्विच आणि ब्रेक स्विच यांतून त्याची वायरिंग करावी. साध्या टर्बो 350 मध्ये लॉकअप नसते, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: तेलाच्या उष्णतेची तजवीज आधी करावी

कन्व्हर्टरमध्ये घसरून वाया जाणारी सगळी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. स्टॉलच्या क्षणी टर्बाइन थांबलेले असते, म्हणजे इंजिनाची सारीच शक्ती वाया जात असते. 350 पौंड-फूट आणि 2,500 आरपीएम या आकड्यांवर ती सुमारे 167 अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ 124 किलोवॉट भरते, आणि एवढी उष्णता काही लिटर तेलाला पेलायची असते. रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर यासाठी अपुरा पडतो. त्याच्या जोडीला बाहेरचा स्टॅक्ड-प्लेट कूलर रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल असा बसवावा, आणि तेलाच्या पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर घालावा. तेल 175 ते 200 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 80 ते 93 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले, तर काळजी नाही. त्यापुढे दर 20 अंश फॅरनहाइटला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांमध्ये रूढ असलेला हिशेब आहे.

कूलर कन्व्हर्टरच्याच खरेदीत धरावा. पैसे उरले तर पुढच्या महिन्यात, हा विचार गिअरबॉक्सला महाग पडतो.

सहावी पायरी: फ्लेक्सप्लेट आणि जोडणी

शेव्हर्लेच्या फ्लेक्सप्लेट 153 दातांच्या किंवा 168 दातांच्या असतात आणि कन्व्हर्टरच्या बोल्टचे वर्तुळ 10.75 किंवा 11.5 इंचांचे असते. 153 दातांच्या प्लेटवर लहान वर्तुळच बसते. अनेक कन्व्हर्टरना दोन्ही वर्तुळांची भोके असतात, पण मागवण्यापूर्वी खात्री करावी. तोल हा वेगळा प्रश्न आहे. 1985 पर्यंतच्या 350 इंजिनाची फ्लेक्सप्लेट तोलाच्या दृष्टीने तटस्थ असते, 1986 पासून मागचे ऑईल सील एकसंध झाल्यावर प्लेटवर वजन आले, आणि 400 स्मॉल-ब्लॉकचा तोल तर मुळातच बाहेरच्या वजनांनी साधलेला आहे. चुकीची प्लेट लावल्यास इंजिन थरथरते आणि त्याचा दोष नव्या कन्व्हर्टरवर येतो. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेच्या नव्या इंजिनामागे जुना गिअरबॉक्स लावायचा असेल, तर क्रँकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये बहुतेकदा स्पेसर लागतो.

सातवी पायरी: बसवणे

आधीच्या गिअरबॉक्समधून धातूचा चुरा आला असेल, तर कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन काढाव्यात किंवा सरळ बदलाव्यात. नव्या कन्व्हर्टरमध्ये सुमारे एक लिटर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) ओतून सीलला तेल लावावे आणि तो फिरवत फिरवत गिअरबॉक्सवर सरकवावा. तो एकापाठोपाठ एक अशा तीन ठिकाणी बसतो: इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटर सपोर्टचे दाते आणि पुढच्या पंपाच्या खाचा. तिसरा टप्पा अनेकांचा राहून जातो. अशा वेळी कन्व्हर्टर थोडा बाहेर राहतो, इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टने ओढून जवळ आणले जातात आणि पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो.

याची चाचणी सोपी आणि खात्रीची आहे. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावर, फ्लेक्सप्लेटचे बोल्ट लावण्यापूर्वी, कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे आणि प्लेटपासून तो 1/8 ते 3/16 इंच, म्हणजे तीन ते पाच मिलिमीटर मागे असला पाहिजे. फट नसेल तर काम तिथेच थांबवून गिअरबॉक्स पुन्हा काढावी; बोल्टच्या जोरावर पुढे जाऊ नये. फट जास्त असेल तर वॉशर घालून ती मर्यादेत आणता येते. बोल्ट दिलेल्या लांबीचेच वापरावेत, कारण लांब बोल्ट कवचाला आतल्या बाजूला पोचा आणतो आणि लॉकअपच्या कन्व्हर्टरमध्ये क्लचची बैठकच बिघडवतो.

आठवी पायरी: तेल, पहिली फेरी आणि मोजमाप

तेल आधी अंदाजाने भरावे, इंजिन सुरू करून लगेच आणखी घालावे, सर्व गिअरमधून लिव्हर एकदा सावकाश फिरवावा आणि शेवटची पातळी तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून पाहावी. 700-आर-4 असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलची जुळणी झाल्याशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नये. ती केबल आतला दाब ठरवते आणि चुकीच्या जुळणीने क्लच थोड्याच अंतरात जळतात. सुरुवातीचे काही दिवस गाडी शांतपणे चालवावी आणि पहिले तेल लवकर बदलावे. पॅनमध्ये थोडा करडा गाळ आढळणे स्वाभाविक आहे, पण चकाकणारे धातूचे कण दिसले तर गाडी थांबवून कारण शोधावे.

स्टॉल मोजायचा तो मोकळ्या आणि रहदारीला बंद असलेल्या जागेत, शक्यतो ड्रॅग स्ट्रिपवर. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि काट्याची पहिली उडी पाहावी. मोबाइलवर चित्रीकरण करून ती नंतर वाचणे सोयीचे पडते. ब्रेक दाबून चाचणी घ्यायचीच असेल तर पाच सेकंदांच्या वर कधीही नाही, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे नाही हे पाहूनच, आणि दोन चाचण्यांच्या मध्ये न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे.

आकडा अपेक्षेपेक्षा दोन-तीनशेने कमी आला, तर कन्व्हर्टरकडे बोट दाखवण्यापूर्वी इग्निशनचे टायमिंग, कार्ब्युरेटर पूर्ण उघडतो का, आणि किकडाउनची केबल हे तीन मुद्दे तपासावेत, कारण दुबळे इंजिन स्टॉल खाली आणते हे आपण वर पाहिलेच. एवढे करूनही फरक उरला, तर अमेरिकेतले बरेच कन्व्हर्टर-कारागीर कवच कापून, स्टेटर बदलून आणि पुन्हा वेल्डिंग करून स्टॉल वर-खाली करून देतात. काही जण पहिली दुरुस्ती विनामूल्य किंवा अल्प शुल्कात करतात, म्हणून ही अट खरेदीच्या वेळीच लेखी घ्यावी. त्यांचा पहिला प्रश्न फ्लॅश स्टॉलचा आकडा, तो कोणत्या गिअरमध्ये घेतला आणि त्या वेळी तेलाचे तापमान किती होते, हाच असतो. त्यामुळे ही तीन मापे पहिल्या पत्राबरोबरच पाठवावीत.